थोरल्याची खूण

आमच्या घरात जुळी पोरं झाली तेव्हा मी मुंबईत लग्नपत्रिका छापत होतो. प्रेसमध्ये माझं अर्धं आयुष्य गेलं. कितीतरी जोडप्यांच्या नावापुढे मी चि. आणि चि. सौ. कां. लावलं, स्वतःच्या नावापुढे लावायचं राहून गेलं. आधी राहायला खोली नव्हती म्हणून लग्न झालं नाही. मग खोली झाली, तर वय निघून गेलं होतं. पुढे वय चालेल म्हणणारी एक मिळाली, तर मला टीबी झाला. मग मी तो विषय सोडून दिला.

दोन महिने औषध घेतलं, थुंकी साफ निघाली, तेव्हा शेठ म्हणाला, "सुनील, गावाला जा, हवा चांगली आहे." मला हवेसाठी पाठवलं की मशीनपाशी खोकणारा माणूस नको म्हणून, हे मी विचारलं नाही. दिवाळी झाल्यावर मी पोलादपूरला उतरलो आणि तिथून जीपने आमच्या वाडीत आलो. घरात आई, म्हणजे आमची आये, ठकूबाई. धाकटा भाऊ अक्षय, महाडच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारा. त्याची बायको दिशा. आणि ही दोन पोरं, एका साच्यातून काढल्यासारखी.

मी पडवीत खाट टाकली आणि तोंडाला मास्क लावला. खाली उपकेंद्रातल्या वैशाली सिस्टर गोळ्या द्यायला आल्या की दर वेळी म्हणायच्या, "अहो, तुमच्यापासून आता कुणाला काही होत नाही. काढा तो मास्क. पोरांना घ्या खुशाल." मी मान हलवायचो आणि मास्क वर ओढायचो. घरात मला कोणी मास्क लाव म्हणालं नव्हतं. पण कोणी काढ असंही म्हणालं नव्हतं. माणूस अशा गोष्टी लक्षात ठेवतो. पोरं उंबऱ्यापर्यंत रांगत यायची, माझ्याकडे बघून हसायची, आणि मी पाय खाटेवर घ्यायचो.

आता पोरांचं. जन्म महाडच्या एका दवाखान्यातला. पहिला निघाला तो साहिल, धट्टाकट्टा. त्याला दुसऱ्या दिवशी डाव्या दंडावर बीसीजीची लस टोचली. मागून भरत निघाला तो मुठीएवढा. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं आणि डॉक्टर म्हणाले, ह्याचं वजन वाढू दे, मग टोचू. वजन वाढलं. टोचायचं राहिलं. नंतरच्या सुया दोघांनी मांडीत घेतल्या, रडले, ताप आला, उतरला. पण भरतच्या दंडाला कोणी हात लावला नाही, कारण आयेने लावू दिला नाही.

सिस्टर घरी आल्या की आये कधी म्हणायची त्याला सर्दी हाय, कधी म्हणायची आज अवस हाय, कधी म्हणायची बाप घरात नाय, त्याला इचारल्याबिगर कसा? बाप घरात असला की तो झोपलेला असायचा, शिफ्ट करून आलेला. सगळी कारणं संपली तेव्हा तिने खरं कारण सांगितलं. निदान आम्हाला तरी ते खरं वाटलं.

आमच्या वाडीत होळी लावायचा मान आमच्या घराचा. टेंभा घरातल्या थोरल्याच्या हातात. बापानंतर तो माझ्याकडे आला. मला मूल नाही आणि आता होण्याची चिन्हंही नाहीत, म्हणजे माझ्यामागे अक्षयच्या थोरल्याकडे जाणार. इथपर्यंत सगळं सरळ आहे. घोटाळा असा की थोरला कोण हे ओळखायला एकच खूण होती: डाव्या दंडावरचा मसुरीएवढा वण. तो असेल तो साहिल, म्हणजे थोरला. नसेल तो भरत.

"दुसऱ्याला पन टोचला, तर थोरला कोन ते कसा कळायचा?" आये म्हणाली. "उद्या मान कुनाला द्यायचा? चिठ्ठ्या टाकायच्या?"

दुसऱ्या खुणा करून झाल्या होत्या. थोरल्याच्या पायात काळा दोरा बांधला, तर अक्षयने धाकट्यालाही बांधला. एकाला बांधायचा आणि एकाला नाही हे बापाच्या जिवाला लागतं म्हणे. थोरल्याचे कान टोचले, तर शेजारच्या गीताबाईने दुसऱ्याचेही टोचून आणले. थोरल्याच्या गालावर तीट लावली, तर दुपारपर्यंत ती दोघांच्या गालावर, दिशाच्या पदरावर आणि मांजरावर. दिशा आई असूनही प्रामाणिकपणे सांगायची की एकाला दोनदा पाजलं आणि दुसरा बोंबलतोय, असं आठवड्यातून एकदा होतं. "मला हसताना कळतात," ती म्हणायची, "पण रडताना दोघं सेम टू सेम." आणि ती दोघं बहुतेक वेळ रडत असायची.

मी हे सगळं पडवीतून ऐकत होतो. ऐकून हसलोसुद्धा असतो. पण मुंबईत ज्या दवाखान्यात मी गोळ्या आणायला जायचो तिथे मी एक पोरगं पाहिलं होतं. बाईच्या मांडीवर दीड वर्षाचा मुलगा. डोळे उघडे, मान मागे ओढलेली, आणि आईकडे बघत असूनही आई ओळखत नव्हता. बाई त्याला हाक मारत होती. पुन्हा पुन्हा तीच हाक. मला वाटलं झोपेत असेल. शेजारी बसलेल्याने सांगितलं की टीबी डोक्यात गेलाय. आतल्या नर्सबाईंना मी विचारलं, एवढ्या लहान पोराला? त्या म्हणाल्या, लहानांनाच जातो, त्यासाठीच तर जन्मल्यावर लस देतात, ह्याची राहून गेली होती. मला तो रोग स्वतःला झाल्याचं इतकं वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी दादरपर्यंत चालत गेलो आणि कुठे चाललोय ते मला ठाऊक नव्हतं.

म्हणून मला भरतच्या मोकळ्या दंडाची भीती वाटायची. माझ्यापासून नाही, सिस्टर म्हणतात तसं. पण शिमग्याला आमची अर्धी वाडी मुंबईहून येते. एका खोलीत आठ-आठ जण राहणारी माणसं. सगळे येतात, सगळे पोरांना उचलतात, पापे घेतात, आणि त्यातला कोण नुसता खोकतोय आणि कोण माझ्यासारखा खोकतोय हे त्यालाही माहीत नसतं. मीही गेल्या शिमग्याला असाच येऊन गेलो होतो. तेव्हा पोरं जन्मलेली नव्हती, एवढंच नशीब.

सिस्टरांनी सांगितलं, वर्षाच्या आत टोचायला हवं, नंतर ही लस देत नाहीत. पोरं तेव्हा दहाव्या महिन्यात होती. होळी तोंडावर आली होती. मी अक्षयला म्हटलं, तो म्हणाला, "दादा, आयेला तू सांग." दिशाला म्हटलं, ती म्हणाली, "दादा, मी तर केव्हाची तयार आहे, आयेंना तुम्ही सांगा." आयेला सांगितलं. ती भाकरी थापत राहिली.

मग मी मान गेलेल्या माणसासारखा न वागता मान असलेल्या माणसासारखा वागलो. पडवीतूनच, मास्कमधून म्हणालो, "भरतला टोचल्याबिगर मी ह्या वर्षी होळी लावणार नाय."

आयेच्या हातातली भाकरी तव्यावर पडली ती वाकडी पडली.

संध्याकाळपर्यंत वाडीला कळलं. दुसऱ्या दिवशी देवळात गावकी बसली. आमच्या गावकीने आजवर पाणी, पायवाट, पालखीचा रस्ता आणि एका रेड्याचं वागणं एवढ्यांवर निवाडे दिले होते. बीसीजी पहिल्यांदाच आली.

मधोमध हैबती आबा, वाडीतलं सगळ्यात जुनं माणूस. वाडीच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष मोबाइलच्या पडद्यावर, देवळाच्या खांबाला टेकवलेले. रेंज गेली की त्यांचं तोंड उघडं राहायचं. मी बाहेर पायरीवर, मास्क लावून. आये बायकांत, पदर घट्ट ओढून. दिशा दोन्ही पोरं घेऊन, म्हणजे पुरावा हजर.

हैबती आबांनी सुरुवातीला विचारलं, "पन ही लस म्हंजे हाय काय?"

ह्यावर मुरारी उभा राहिला. मुरारी हिरकणीवाडीला गाइड आहे. रोपवेने वर जाणाऱ्या पाहुण्यांना रायगड दाखवून दाखवून त्याला साधं बोलताच येत नाही. त्याने मोबाइलवर वाचून घेतलं होतं. छाती काढून म्हणाला, "तर मंडळी, शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट! फ्रान्स देशी दोन डॉक्टर होते. त्यांनी गायीच्या क्षयाचा जंतू घेतला. आणि तो जंतू त्यांनी बटाट्यावर वाढवला. किती काळ? तेरा वर्षं!"

"तेरा वर्सा बटाटा टिकला कसा?" आबांनी विचारलं.

मुरारीला पर्यटकांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. तो मोबाइलमध्ये बघून म्हणाला, "बदलत होते आबा. नवा बटाटा, त्याला पित्त लावायचं, त्याच्यावर जंतू. पुन्हा नवा बटाटा. असं करत करत जंतू एवढा मवाळ झाला की माणसाला रोग देईना, उलट अंगाला शिकवून जाई, की खरा आला तर त्याला कसा ठोकायचा!"

"गायीचा हाय ना," गीताबाई म्हणाली, "मंग काय हरकत नाय."

"मग आपला देश स्वतंत्र झाला," मुरारीला आता थांबवणं शक्य नव्हतं, "आणि गावोगाव, शाळोशाळी लस टोचणाऱ्या टोळ्या निघाल्या..."

"त्या मला ठावं हायेत," आबा म्हणाले. "शाळेत आले का आमी करवंदीच्या जाळीत. मास्तर काठी घेऊन पाठीमागं. मी सापडलो, माझा भाव नाय सापडला." त्यांनी बंडीची बाही वर केली आणि दंड दाखवला. मग सगळ्यांनीच दाखवले. म्हाताऱ्यांच्या हातांवर देवीचे मोठे वण, मधल्यांच्या दंडावर बीसीजीचे बारके. अध्यक्षांनी मुंबईहून दाखवला, तो अंधारात नीट दिसला नाही. गावकीतली इतकी माणसं एकदम दंड उघडे करून बसलेली मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि ती एकमेकांचे दंड अशी निरखत होती की मूळ विषय सुटला.

तो आबांनीच पकडला. "उजव्या दंडावर टोचा धाकट्याला. डावा थोरला, उजवा धाकटा. मिटला."

सगळ्यांना वाटलं, मिटला. वैशाली सिस्टरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. सिस्टर म्हणाल्या, "डाव्याच दंडावर देतात. अख्ख्या देशात डाव्यावर. उद्या हा मुलगा कुठे गेला आणि कुणी डावा दंड बघितला, तर म्हणतील ह्याला दिलीच नाही. मी उजव्यावर देणार नाही. आणि हो, येत्या लसीकरणाच्या सत्राला मी ह्या लसीची बाटली उघडणार आहे, खालच्या गावात बाळं झाल्येत. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरेल ती टाकायची. वेळेवर आणा." फोन बंद.

पुन्हा पहिल्यापासून. त्यात गीताबाईने नवीनच काढलं. म्हणाली, मुळात साहिल थोरला हे ठरवलं कोणी? मागून निघतो तो आधी आत गेलेला असतो, जीपमध्ये आधी बसलेला मागून उतरतो तसा. म्हणजे थोरला भरतच. ह्यावर बायकांत दोन पक्ष पडले. मुंबईहून अध्यक्ष म्हणाले, डॉक्टरी रिपोर्ट मागवा. अक्षय म्हणाला, मला नाइट शिफ्ट आहे, लवकर ठरवा. पोरं दोन्ही रडायला लागली, सेम टू सेम.

हैबती आबांनी जमिनीवर हात आपटला. "ऐका. टेंभा लांब असतो का नाय? असतो. त्याला दोन हात पुरतात का नाय? पुरतात. सुनीलच्या माघारी ह्या दोगांनी एकच टेंभा धरायचा, दोगांनी मिळून लावायची. कोन थोरला, कोन धाकटा, इचारायचा नाय. पोराला टोचा. उठा."

निवाडा झाला. आयेकडे आता कारण उरलं नव्हतं. मला वाटलं होतं ती भांडेल. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत घरी गेली. मी जिंकलो होतो आणि मला ते मुळीच जिंकल्यासारखं वाटत नव्हतं.

सत्राच्या दिवशी सकाळी आम्ही जीपने खाली उतरलो. घाटातला वारा गार होता. आयेने दोघांना पनवेलच्या आत्याने पाठवलेले सारखेच लाल स्वेटर घातले होते, मनगटापर्यंत. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो, काच उघडी ठेवून.

उपकेंद्रात बाकावर तीन-चार बाया तान्ही बाळं घेऊन बसल्या होत्या. सिस्टरांनी बाटली उघडली, पाणी मिसळलं, वेळ लिहिली. आधी ती बाळं झाली. आये दोन्ही नातवंडांना खाली सतरंजीवर घेऊन बसली होती. दोघं एकमेकांच्या तोंडात बोटं घालत होती. मी दारात उभा होतो.

"हं, आता तुमचा. कुठला?" सिस्टर म्हणाल्या.

दिशा खाली बसली आणि जवळच्या पोराची बाही वर करायला लागली, वण बघायला. स्वेटरची बाही घट्ट होती, चढेना.

"त्यो नाय," आये म्हणाली. तिने दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला. "ह्यो."

दिशाने तोवर बाही चढवली होती. दंडावर मसुरीएवढा वण. साहिल. म्हणजे आयेचा हात होता तो भरत, आणि त्याची बाही मनगटापर्यंत खाली होती.

मीच दारातून म्हणालो, "आये, बाही तर खाली हाय. तुला कसा कळला?"

"मंग?" ती म्हणाली.

"म्हनजे तुला वळखायला येतात."

"काळोखात येतात," आये म्हणाली. "पेटीतनं काढल्यापासून दोन महिने ह्याला ह्या छातीवर बांधून झोपवलाय मी. दिशाकडं एक, माझ्याकडं एक. मला ह्याचा श्वास कळतो. मला नाय कळनार तर कुनाला कळनार?"

"मग एवढी गावकी बसू दिलीस. मान, होळी..."

"मान गेला चुलीत." मी माझ्या आईला बाप गेला त्या वेळीही असं बोलताना ऐकलं नव्हतं. "थोरल्याला टोचला तेव्हा फोड आला, फुटला, महिनाभर दंड वाहत होता. काय लावू नका म्हनाले, मी काय लावला नाय. त्यो सोसला, त्याच्या अंगावर मास होता. ह्याचा दंड माझ्या बोटाएवढा होता, सुनील. माझ्या ह्या बोटाएवढा. त्याच्यावर जखम व्हायची म्हनजे ऱ्हायला काय असता?"

सिस्टर सुई हातात धरून थांबल्या होत्या. त्या हळू म्हणाल्या, "आजी, आता बघा की दंड त्याचा."

आयेने बघितला. स्वेटर काढला, आणि भरतचा डावा हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. भरलेला दंड होता, कोपरापाशी वळी पडलेली. तिने तो बराच वेळ धरून ठेवला. मग पोराला उचललं. मला वाटलं, घेऊन निघते आता बाहेर, आणि मी दारातून बाजूला झालो.

ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"धर," म्हणाली. "माझ्याच्यान नाय बघवनार. तुझाच हट्ट ना? तूच धर."

मी हात मागे घेतले. दिवाळीपासूनची सवय. "आये, मी..."

"सिस्टर काय सांगतात ते माझ्या कानानं ऐकलाय मी. तुला मास्क काढ म्हनायचा मला कधी सुचलाच नाय, मला वाटायचा तुला तसाच बरा वाटतो. धर त्याला."

मी धरलं. दहा महिन्यांचा पोरगा किती जड असतो हे मला माहीत नव्हतं. सिस्टरांनी मला स्टुलावर बसवलं, त्याचा दंड घट्ट धरायला सांगितलं, आणि कातडीच्या वरच्या वर सुई घातली. तिथे वाटाण्याएवढा पांढरा फुगा आला. "अर्ध्या तासात बसेल," त्या म्हणाल्या. "महिन्या-दीड महिन्याने फोड येईल. काही लावायचं नाही. आजी, ऐकलंत ना?" आये दारात पाठ करून उभी होती. तिने मान हलवली.

भरत रडला नाही. आधी त्याने दंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. इतक्या जवळून तो मला पहिल्यांदाच बघत होता, आणि त्याला मी अर्धाच दिसत होतो. त्याने हात वर करून माझ्या मास्कची दोरी पकडली आणि ओढली. मास्क हनुवटीखाली आला. मी घाईघाईने वर करायला गेलो, पण माझे दोन्ही हात त्याला धरण्यात गुंतले होते.

आये वळली होती. तिने बघितलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "बघू दे त्याला काकाचा तोंड."